एक ओळ आधी

नाटकाच्या कंपनीत तिला सगळे मावशी म्हणायचे. एकेचाळीस वर्षं विंगेतल्या स्टुलावर बसून तिने नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. टाळ्या दुसऱ्यांनी घेतल्या, घसा हिचा बसला. पण गेल्या प्रयोगात बापाचं काम करणारे अप्पा अडकले आणि मावशीच्या तोंडून शब्द निघेपर्यंत प्रेक्षकांत दोघंजण खोकून मोकळे झाले.

दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, आता आराम करा. प्रॉम्प्टिंग मी बघतो."

"आधी डॉक्टरला बघू दे. मग तू बघ."

स्टूल गेलं की ती नुसतीच कुणाची तरी मावशी उरणार होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर तिच्या मेंदूचा फोटो दाखवला. मधेमधे पांढरे ठिपके.

"हे काय, पीठ सांडलंय?"

"वय आहे ते. तुमच्या वयात बहुतेकांना असे थोडे दिसतातच. आत तारांचं जाळं असतं, तारांवर आवरण. पन्नाशीच्या पुढे ते हळूहळू विरळ होतं. निरोप पोचायला जरा वेळ लागतो."

"म्हणजे पोस्टमन म्हातारा झालाय. पत्रं तर हरवली नाहीत ना?"

"चाचण्यांत तरी एकही नाही. रक्तदाब सांभाळा, रोज चाला."

मावशी चालतच घरी आली. पोस्टमनचे पाय दुखत असतील तर त्याने घरून लवकर निघावं, एवढंच की. आजवर संहितेच्या वहीत तिचं बोट चालू वाक्यावर असायचं, आता ते पुढच्या ओळीवर गेलं आणि त्या ओळीचा पहिला शब्द ओठांवर तयार. अप्पा जिथे मुद्दाम थांबतात, तिथे तिने लाल पेन्सिलीने गोल काढले.

रंगीत तालमीला पहिला अंक दिग्दर्शकाने सांभाळला. अप्पा मुलीच्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबले, लगेच विंगेतून वाक्य आलं. पुन्हा थांबले, पुन्हा आलं. अप्पा तडक विंगेत गेले.

"बाबा रे, मी विसरलो नव्हतो. मला रडू येत होतं, तेवढ्यात तू शिंकलास."

दुसऱ्या अंकाला मावशी स्टुलावर बसली. अप्पा पत्र हातात घेऊन थांबले.

"द्या ना शब्द," दिग्दर्शक मागून कुजबुजला.

"गप. लाल गोल आहे."

अप्पांचे डोळे भरले, मग वाक्य आपोआप आलं. दोन पानांनंतर ते पुन्हा थांबले. इथे गोल नव्हता. अप्पांचा अंगठा कोटाच्या बटणाकडे गेला, खरंच अडले की नेहमी जायचा तसा.

"खिडकी."

"खिडकी उघडी ठेव पोरी, येईन मी," अप्पा म्हणाले आणि पुढचा सगळा प्रवेश पाण्यासारखा वाहत गेला.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक डोकं खाजवत उभा. "मावशी, ते वाक्य अप्पांचं अडलं होतं? मला कळलंसुद्धा नाही."

"तुला कळलं असतं, तर प्रेक्षकांनाही कळलं असतं."

"उद्याच्या प्रयोगाला…"

"स्टूल इथेच राहील," मावशी पेन्सिल अंबाड्यात खोचत म्हणाली. "पंखा तेवढा माझ्याकडे वळव."

दिग्दर्शकाने तो स्वतः उचलून आणला.