लाइट गेल्यावरच्या गप्पा

लाइट गेली. माग थांबले, कमलाकाकू काहीतरी बोलल्या आणि सगळा कारखाना हसला. रेखाने डबा पिशवीत टाकला, ओढणी सारखी केली आणि कुणाकडे न बघता दाराबाहेर निघून गेली. मला वाटलं, पाणी प्यायला गेली. लाइट परत आली, माग सुरू झाले, तिचं मशीन मात्र बंदच राहिलं.

मी बुऱ्हाणपूरला पॉवरलूमच्या कारखान्यात कांडी भरते. कापडातला आडवा धागा ज्या लहान दांडीवर गुंडाळलेला असतो, ती कांडी. ती धोट्यात बसवतात आणि धोटा मागावर इकडून तिकडे पळतो. भरलेली कांडी तयार नसली की माग उभा राहतो आणि मग सेठ ओरडतात.

ओरडलेलं अर्थात ऐकू येत नाही. माग चालू असले की कानाशी तोंड नेलं तरी काही कळत नाही. म्हणून आमच्याकडे सगळे हातांनी बोलतात. दोन बोटं तोडल्यासारखी केली की तार तुटली. हवेत पाना फिरवला की जॉबरला बोलवा. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. गालात पान दाबल्यासारखं करून पोटावर पॅन्ट वर ओढली की समजायचं, सेठ आले.

मी चौथी शिकलेली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी मागे सरते. पण माग चालू असले की माझ्याइतकी बडबडी बाई कारखान्यात दुसरी नाही.

रेखा जवळच्या दापोरा गावची. वडिलांची केळीची शेती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तेव्हा विद्यापीठाचा एक कार्यक्रम सुरू झाला होता. अपंग मुलामुलींना वेगळं बसवायचं नाही, गावात सगळे जिथे काम करतात तिथेच त्यांनाही काम द्यायचं, असा. त्यातल्या सपना मॅडम तिला आमच्याकडे घेऊन आल्या. दिवाळीपर्यंत कच्चं काम, मग पक्कं करायचं की नाही ते सेठ ठरवणार. पक्कं झालं नाही तर रेखा परत दापोऱ्याला, घरात. हे तिला चांगलं माहीत होतं.

सेठ म्हणाले होते, "मॅडम, सुनाई नहीं देता तो काम कैसे करेगी?"

मॅडम म्हणाल्या, "सेठजी, आपके यहाँ सुनाई किसको देता है?"

सेठनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. मग रेखाला कांडीचं एक मशीन दाखवलं.

रेखाला आमचे हात लगेच कळले. उलट तिनेच प्रत्येकाच्या नावाची नवी खूण काढली. कमलाकाकू तपकीर ओढतात म्हणून त्यांची खूण नाकाशी चिमूट, मी लाजाळू म्हणून माझी दोन्ही डोळ्यांवर पदर. मॅडम यायच्या तेव्हा बघायच्या, पोरगी हसते, काम करते. खूश होऊन जायच्या.

पण मॅडम यायच्या तेव्हा माग चालू असायचे.

पुढे लाइट फार जायला लागली. लाइट गेली की हात मांडीवर आणि तोंडं सुरू. कुणाची सासू, कुणाचं लग्न, सगळं तेव्हाच. मी एका बाजूला गप्प बसायची, रेखा दुसऱ्या बाजूला. ती सगळ्यांची तोंडं बघायची. सगळे हसून झाले की जरा उशिरा हसायची. मला ते दिसत होतं. पण मी तरी काय बोलणार, मीच गप्प.

ती निघून गेली त्या दिवशी काय झालं होतं, तर जॉबर सलीमभाई घाईत बायकोची चप्पल घालून आले होते. गुलाबी, वर फूल. ते दारात उभे होते आणि दाराजवळच रेखा बसली होती. कमलाकाकू त्या चपलेवरूनच बोलल्या, सगळ्यांनी तिकडे बघितलं आणि हसले. तिला वाटलं, आपल्यालाच हसतात.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. सेठ मॅडमना म्हणाले, "देखा? इनका मन नहीं लगता."

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "सुमनताई, तिला काम जमत नव्हतं का?"

"काम चालू असतं तेव्हा जमतं," मी म्हटलं. "बंद असतं तेव्हा जमत नाही."

एवढं बोलायला मला किती वेळ लागला, ते मॅडमना विचारा. पण त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "चला, जाऊ या."

रेखा बुऱ्हाणपुरातच, शनवारा भागात, मामाकडे राहायची. आम्ही गेलो तर तिचे वडील आलेले आणि पिशवी भरलेली.

"पोरीचं मन नाही तं कशाले ठेवू इथं?" ते म्हणाले. "लोकं हसतात तिले."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. घरात मामा, मामी, वडील, सगळे माझ्याकडे बघत होते. तोंडाने सांगणं मला जमणार नव्हतं. म्हणून मी हातांनी सुरू केलं. पाना फिरवला: सलीमभाई. पाय उचलून दाखवला. पावलावर फूल काढलं. कमरेवर हात ठेवून त्यांची बायको झाले आणि दारात उभी राहून चप्पल शोधली. मग सलीमभाईंसारखी ठुमकत सबंध खोली चालले.

रेखाने तोंडावर ओढणी धरली. तिच्या आधी तिच्या वडिलांना हसू फुटलं.

"बायकोची घातली व्हय?" ते म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "काका, दिवाळीपर्यंत थांबा." वडिलांनी पिशवी भिंतीला लावून ठेवली. रिकामी मात्र केली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना समजावलं, गप्पा मारताना रेखालाही कळेल असं बोला. सगळ्यांनी माना हलवल्या. लाइट गेली तशी सगळी तोंडं पुन्हा सुरू. सवय ती.

मी रिकाम्या कांडीने मशीनचा पत्रा वाजवला. सगळे वळले. मी उभी राहिले आणि ओठ मिटून, हातांनी, आमच्या गल्लीतल्या बकरीने वरातीतल्या नवऱ्याचा हार खाल्ला ते सांगितलं. मध्येच एकजण तोंडाने विचारायला लागला, तर कमलाकाकूंनी त्याच्या पाठीत धपका घातला. माझ्यानंतर रेखा उठली. मग सलीमभाई. त्यांना चपलेची बाजू मांडायची होती.

दिवाळीच्या तोंडावर सेठ आणि मॅडम निकाल सांगायला आले. लाइट गेलेली होती. आतून काही आवाज नाही.

"देखिए, लाइट गई, सब भाग गए," म्हणत सेठनी आत न बघताच लोटलेल्या दाराला बाहेरून कुलूप घातलं. आम्हाला काही पत्ता नाही. रेखा मध्ये उभी होती. तिने गालात पान दाबलं, पॅन्ट वर ओढली, पुन्हा ओढली, मागाकडे बघून बोट नाचवलं. लोक पोट धरून हसत होते, आवाज न करता.

मॅडमनी खिडकीतून बघितलं आणि सेठना बोलावलं.

सेठनी गज धरून आत बघितलं. मग म्हणाले, "मैं ऐसे पॅन्ट खींचता हूँ?"

सेठनी कुलूप काढलं, आत आले, आणि हात पॅन्टकडे जाता जाता थांबला. "पक्की है," एवढंच म्हणाले. आम्ही सगळ्यांनी रेखाला हातांनी सांगितलं, एकदमच, त्यामुळे तिला पहिल्यांदा काहीच कळलं नाही.

दापोऱ्याची पिशवी रिकामी झाली. माणूस कामात रुळला का, हे काम बंद असताना बघावं, एवढं मला त्यातून कळलं. सेठना जे कळलं ते वेगळं. ते आता कुलूप लावण्याआधी आत डोकावतात, आणि कमरेला पट्टा बांधतात.