मावशींचे बावीस चौकोन

एका आजारी बाईच्या हातचे बावीस चौकोन मी कापून उसवून टाकले. का, तर ते वाकडे होते. मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला आणि बराचसा चवीने सांगते. आजीची एखादी फजिती ऐकल्याशिवाय माझ्या नातवंडांच्या घशाखाली घास उतरत नाही. ही मात्र त्यांना सांगितलेली नाही. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची होते, म्हणजे तशी पोरच. गुडघे दुखत नव्हते, दात सगळे स्वतःचे होते, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीत मला दुरुस्ती सुचायची.

क्रोशा मला फार येत होता असंही नाही. मुलीने मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. उरण नाक्याच्या दुकानातून मी लोकरीचे चार गुंडे आणि टोकाला आकडा असलेली क्रोशाची सुई आणली, आणि दोन महिन्यांत मला एकच गोष्ट जमायला लागली, ग्रॅनी स्क्वेअर. म्हणजे आजीबाईंचा चौकोन. चार साखळ्यांचं कडं करायचं. त्या कड्यात तीन-तीन खांबांचे, म्हणजे उंच टाक्यांचे, चार झुपके घालायचे आणि दर दोन झुपक्यांमध्ये दोन साखळ्या सोडायच्या. त्या साखळ्यांची जी फट, तो कोपरा. पुढच्या फेरीला प्रत्येक कोपऱ्यात दोन झुपके, मध्ये पुन्हा दोन साखळ्या. कोपरे सांभाळले की बाकीचं आपोआप वाढतं. एवढ्या भांडवलावर मी सोसायटीतल्या बायकांची मास्तरीण झाले. त्या चेष्टेने म्हणायच्या, मी खरं धरलं.

दुपारी तीन ते पाच आमच्या हॉलमध्ये वर्ग भरायचा. शेजारीण, तिची विहीण, वरच्या मजल्यावरची एक बँकेतून निवृत्त झालेली बाई आणि मी. तेव्हा विमानतळासाठी टेकडी फोडणं चालू होतं. लांबून सुरुंगाचा दणका आला की खिडकीची काच कुरकुरायची आणि विहीणबाईंचा हमखास एक खांब चुकायचा. सुरुंग झाला नाही तरी चुकायचा, पण मग त्यांना दोष द्यायला काही नसायचं.

तळमजल्यावर मावशी राहायला आल्या त्या उन्हाळ्यात. उरणकडच्या खाडीकाठच्या गावातल्या कोळीण. आयुष्यभर मासळी विकलेली. पोटातलं दुखणं कॅन्सर निघालं म्हणून त्यांच्या मुलीने इथे आपल्याकडे आणलं होतं. मुलगी सकाळी आठला कामावर जायची ती संध्याकाळी सातला यायची. मधला सगळा दिवस मावशी आणि भिंती.

आम्ही पंख्याखाली घामाने निथळत असायचो आणि मावशी स्वेटर घालून, कानाला रुमाल बांधून जिन्याच्या पायरीवर उन्हात बसलेल्या असायच्या. केमोमुळे अंगात थंडी भरायची. तेव्हा मीच ठरवलं की आपण चौघींनी मिळून मावशींसाठी लोकरीची चादर करायची. सात आडवे, नऊ उभे, त्रेसष्ट चौकोन. माझ्या वयाएवढे होतायत हे लक्षात आल्यावर मला फारच आनंद झाला होता. आजारी होती ती बाई, आणि मोजत होते मी माझी वर्षं.

मावशींना कळलं तशा दुसऱ्या दिवशी त्या दोन जिने चढून आल्या. आमच्याकडे लिफ्ट नाही. मधल्या वळणावर त्या खाली बसल्या होत्या, ते शेजारणीने पाहिलं. दारात येऊन मला म्हणाल्या, "मास्तरीणबाय, चादर माझी आन मीच हात नाय लावायचा? दे ती सुई."

मी म्हटलं, "तुम्ही नुसत्या बसा हो मावशी. आराम करा."

"आराम मंग करायचाच हाय की. लय लांब."

बँकवाली बाई खाली मान घालून खांब मोजत राहिली.

मावशींचा पहिला चौकोन वाटीसारखा झाला. कोपऱ्यातल्या दोन साखळ्या त्या घालतच नव्हत्या. त्यामुळे पसरायला जागाच राहिली नव्हती, कडा वर उचलल्या होत्या. मी सांगायच्या आत त्यांनी रुमाल सोडला, ती वाटी आपल्या टकलावर ठेवली आणि म्हणाल्या, "केस गेले ते बरं झालं. बसली बघ कशी." विहीणबाई हसल्या आणि मग त्यांनाच रडू आलं. मावशी त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "तू कशाला रडतेस बाय? तुझा चौकोन तर टोपी पन व्हायच्या लायकीचा नाय."

कोपरे पुढे जमले. गाठी मात्र जाईनात. मावशींना बापाने लहानपणीच जाळी दुरुस्त करायला बसवलं होतं, घरात मुलगा नव्हता म्हणून. त्यामुळे दर फेरी संपली की त्या दोरा तोडायच्या आणि दातात धरून जाळ्याची गाठ मारायच्या. क्रोशात गाठ नसते. उरलेलं टोक जाड सुईत ओवून मागच्या बाजूने खांबांतून फिरवून दडवायचं असतं. हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल.

"लपवून काय करायचं?" त्या म्हणायच्या. "एक टोक सुटलं का सगलं गेलं. गाठ असली का फाटलं तरी तेवढंच फाटतं."

"पण मागून गुठळ्या दिसतात, मावशी."

"मी मागून बघनार नाय. मी पांघरनार हाय."

कुणी असं अडवलं की मी त्या काळात माझंच खरं करत असे.

जोडायचं काम माझ्याकडे होतं. पाच वाजता मी सगळ्यांचे चौकोन पिशवीत गोळा करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजा आटोपून बाल्कनीत बसायचं, दोन चौकोन तोंडाला तोंड लावून धरायचे, आणि दोघांच्या कडेच्या टाक्यांतून एकदम सुई घालून मुका खांब घेत जायचं, म्हणजे सगळ्यात बुटका टाका. आधी सातांची पट्टी करायची, मग पट्टीला पट्टी. सगळे चौकोन एका मापाचे असले तर जोड सरळ येतो. मावशींचा चौकोन बोटभर लहान, गाठींनी आखडलेला. तो मध्ये आला की शेजारचेही दोन ओढले जायचे आणि सबंध पट्टी साप गेल्यासारखी दिसायची.

म्हणून मी ते उसवले. दुसऱ्या कुणाचा चौकोन असता तर टोक ओढलं की सरसर सुटून आला असता. मावशींचे सुटेनात. गाठ हलायची नाही. मी नखं कापायची कात्री घेतली आणि एकेक गाठ कापली. गाठी कापल्यावर दोऱ्याचे वीतवीतभर तुकडे उरले, त्यांचं काहीच होण्यासारखं नव्हतं. ते मी केराच्या डब्यात टाकले, त्याच रंगाची नवी लोकर घेतली आणि त्यांच्या वाट्याचे चौकोन स्वतः केले. छान, सपाट, काटकोनात. वर मनात म्हटलं, बिचारीला कळणारही नाही आणि चादर कशी नेटकी होईल. स्वतःच्या चांगुलपणाने मी तेव्हा इतकी भारावले होते की बाल्कनीतल्या तुळशीलाही पाणी घालायचं राहून गेलं.

दोन पट्ट्या झाल्यावर मी त्या मिरवायला वर्गात आणल्या. सगळ्यांनी वा वा केलं. मावशींनी पट्टी मांडीवर घेतली, उलटी केली आणि डोळे मिटून बोटांनी चाचपत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. अंधारात जाळं तपासावं तशा.

"यात माझे कंचे?" त्यांनी विचारलं.

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "मावशी, एकदा जोडलं की कुणाचा कुठला ते राहात नाही. सगळ्यांची मिळून एक चादर." हे वाक्य मला फार आवडलं. संध्याकाळी मी ते माझ्या मुलीला फोनवर पुन्हा सांगितलं.

"हां," मावशी म्हणाल्या. "सरल झालीय." आणि त्यांनी पुढचा चौकोन घातला. त्यानंतर त्यांनी आणखी आठ केले. मला वाटलं होतं की पट्टी पाहून तरी त्या गाठी सोडतील. गाठी उलट जास्त घट्ट आल्या. कापताना माझ्या कात्रीची धार गेली.

शेवटच्या पंधरवड्यात त्यांना जिना चढवेना. तरी त्या यायच्या. वळणावर बसून, मग चार पायऱ्या, मग परत बसून. एकदा मी म्हटलं, "मावशी, मी चौकोन खाली येऊन घेऊन जात जाईन." त्या म्हणाल्या, "नको, मी येते." मी मनात म्हटलं, काय हट्टी बाई.

चादर पुरी झाली. कडेने मी भोवताली पांढरी दोन ओळींची पट्टी फिरवली. हॉस्पिटलमध्ये एसीचा गारठा असायचा, तिथे ती मावशींच्या अंगावर होती, असं त्यांच्या मुलीने सांगितलं. विणीच्या फटींतून वारं लागतं, म्हणून खाली सुती साडीची घडी घालून वर चादर घेत होत्या. हे मला आधी सुचायला हवं होतं. नुसत्या खांबांच्या चादरीने थंडी भागत नाही, तिला आतून अस्तर लागतं. व्हिडिओत ते सांगितलं नव्हतं आणि मी सरळ रेषांच्या नादात होते.

मावशी गेल्या त्या पावसाळ्यात. नेताना तीच चादर त्यांच्यावर घातली होती. अंगावर घालून नेलेलं अमरधाम स्मशानातून कुणी परत आणत नाही. माझे त्रेसष्ट काटकोनी चौकोन तिथेच राहिले.

सुतक फिटल्यावर चारेक दिवसांनी त्यांची मुलगी वर आली. मी आमटीभात पाठवला होता तो डबा परत द्यायला. रिकामा देऊ नये म्हणून आत साखर घातली होती. डबा ओट्यावर ठेवून ती तिथेच उभी राहिली.

"काकू, आईच्या हातचा एखादा चौकोन उरलाय का तुमच्याकडे? एक जरी असला तरी चालेल. तिचं तसं हातचं काय राहिलंच नाय माझ्याकडे. मासळी विकलेल्या बाईचं काय राहनार."

तेव्हा सांगायला हवं होतं. ओट्यापाशी आम्ही दोघीच होतो, कूकर लावलेला नव्हता, टीव्ही चालू नव्हता. मी म्हणाले, "असेल गं पिशवीत कुठेतरी. शोधून ठेवते, उद्या ये."

दुसऱ्या दिवशी दुपारभर बसून मी एक वाकडा चौकोन केला. माझी आई म्हणायची, ही पोर खोटं बोलायला बसली तरी नीटनेटकं बोलेल. कोपऱ्यात मुद्दाम एक साखळी गाळली. दर फेरीला दोरा तोडला, दातात धरला, गाठ मारली. मला येत होती ती, बुटाच्या नाडीची, दोनदा. मग तो हातात चुरगाळला, म्हणजे जुना दिसावा. वाकडं करायला सरळ करण्यापेक्षा तिप्पट वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी मुलगी आली. मी तिच्या हातात चौकोन दिला. तिने तो आधी नाकाशी धरला. मग उलटा केला, गाठीवर नख लावलं आणि नुसतं सरकवलं. गाठ सुटली. तिने दुसरी सरकवली. तीही सुटली. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती त्या सुटलेल्या दोऱ्याकडे बघत होती, आणि मी त्रेसष्ट वर्षांची बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते.

"ही आईची नाय, काकू," ती म्हणाली. "आईची गाठ कापावी लागते."

मग मी सांगितलं. कात्री, केराचा डबा, बाल्कनी, सगळं. मधेच मी म्हणाले की चादर चांगली व्हावी म्हणून केलं, आणि ते म्हणतानाच माझा आवाज मलाच ऐकवेना. तुकडे आहेत का कुठे, असं तिने विचारलं. नाहीत, म्हटलं. घंटागाडी कधीच घेऊन गेली होती.

ती खुर्चीवर बसली. जिथे मावशी बसायच्या त्याच, खिडकीजवळच्या. माझा खोटा चौकोन तिने चार घड्या करून टीपॉयवर ठेवला, सोबत नेला नाही. मी पाणी आणलं, ते तिने घेतलं. हल्ली बिल्डिंगमधल्या कॉलेजच्या मुली माझ्याकडे क्रोशा शिकायला येतात. त्यांना त्या चौकोनांचे टॉप करायचे असतात. कुणाचं कितीही वाकडं झालं तरी मी हात लावत नाही, आणि त्या म्हणतात, आजी, तुम्ही किती आळशी आहात. असू दे.

त्या दिवशी पाणी पिऊन मावशींची मुलगी उठली. चपला घालताना तिने दाराची चौकट धरली होती, आईसारखीच. माझ्याकडे न बघता तिने जे सांगितलं ते मी शब्दाला शब्द लिहिते आहे.

"आईला पहिल्या पट्टीपासनं म्हाईत होतं, काकू. मी म्हटलं, थांब, वर जाऊन विचारते. तर मला म्हणाली, गप बस, विचारलंस तर ती बाय मला उद्यापासनं बोलवायची नाय."