राजदूत आणि वास समिती

सुकापूरच्या त्या सात मजली इमारतीत इंद्रजीतची ओळख आधी 'पाचशे दोनवाले' अशी होती. मग त्याने करंजाहून जुनी राजदूत मोटरसायकल आणली आणि तो 'ते वासवाले' झाला.

वास तरी कसला? मासळी बाजारात येतो तो नव्हे. तो वास ताजा असतो, त्याला धंद्याची घाई असते. हा वास रिटायर झालेला होता. कुठे जायचं नाही, काही करायचं नाही, नुसतं पार्किंगमध्ये बसून राहायचं. उन्हात तो फुगायचा, दमट हवेत जमिनीलगत पसरायचा आणि लिफ्टमध्ये शिरला की बटण न दाबता चौथ्या मजल्यापर्यंत जायचा.

आणि हे भोग आले कोणाच्या वाट्याला, तर इंद्रजीतच्या. हा माणूस बंदराकडच्या एका कंटेनर यार्डच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो. कीबोर्डच्या फटी साफ करायला ड्रॉवरमध्ये वेगळा ब्रश ठेवतो. दुसऱ्याने हात लावलेला माउस पुसून घेतो. हॉटेलात चमचा आधी गरम पाण्यात बुडवतो, मग उजेडात धरून बघतो, आणि एवढं करून शेवटी हातानेच खातो. अशा माणसाला वयाच्या चाळिशीत राजदूतचं वेड लागावं, हा दैवाचा विनोद म्हणायचा. रोज जेवण झालं की लॅपटॉप उघडून तो तासन्‌तास राजदूतचे व्हिडिओ बघायचा. कोणी कार्ब्युरेटर खोलतोय, कोणी टाकी रंगवतोय. बायको, इरा, म्हणायची, "लोक काय काय चोरून बघतात आणि माझा नवरा नटबोल्ट बघतो."

शेवटी करंजाच्या काळूरामचा पत्ता लागला. काळूराम कोळी. त्याने याच गाडीवर एकोणीस वर्षं बर्फातल्या मासळीचे खोके करंजा बंदरातून पनवेलला आणले होते. आता गुडघे गेले, म्हणून विकत होता. किल्ली देताना त्याने टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "कंदी रस्त्यात बसली नाय ही. तयार झाली का बोलवा. बगायला येन मी."

"नक्की बोलावतो," इंद्रजीत म्हणाला. त्या वेळी तो मनापासून म्हणाला.

"घेताना तुला वास आला नाही?" इराने नंतर विचारलं.

तिथेच तर घोळ झाला होता. करंजा बंदरात उभं राहून गाडीला वास येतो का हे बघणं म्हणजे समुद्रात उभं राहून पाऊस पडतोय का हे पायांनी ओळखणं. तिथे आख्ख्या हवेलाच तो वास. त्यामुळे इंद्रजीत खुशीत निघाला. जासईपर्यंत त्याला वाटलं, रस्त्यालाच वास आहे. गव्हाण फाट्याला वाटलं, पुढच्या टेम्पोला आहे. पनवेलच्या सिग्नलला बाजूच्या रिक्षावाल्याने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग सावकाश खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला.

पुढचे सहा महिने तो गाडी दुरुस्त करत नव्हता, वास दुरुस्त करत होता. सीट बदलली. वायरिंग बदललं. फिनेल झालं, लिंबू झालं, चिंचेचा कोळ झाला. कॉम्प्युटरचा माणूस असल्यामुळे त्याने याचीही एक एक्सेल शीट उघडली होती. तारीख, उपाय, वास दहापैकी किती. कुठल्याशा परदेशी वेबसाइटवर वाचून कॉफीची पूड चोळली, त्या दिवशी आकडा आठवरून नऊवर गेला. बोंबलाने कॉफी प्यायल्यासारखं झालं.

बरेच दिवस पार्किंगमध्ये काढल्यावर गाडी जुन्या पनवेलातल्या जमालभाईच्या गॅरेजमध्ये नेऊन उघडून ठेवली. जमालभाई म्हणायचा, "इंद्रजीतशेठ, तुमची गाडी बघायला गिऱ्हाईक नाही, मांजरं येतात. परवा एक तर टाकीवरच झोपलेलं. खुदा की कसम, उठायला तयार नाही."

वासाचं मूळ शेवटी जमालभाईनेच शोधलं. मासळीचे खोके ठेवायला काळूरामने मागे लोखंडी स्टँड बसवला होता आणि त्यासाठी चेसीच्या पोकळ नळीला चार भोकं पाडली होती. एकोणीस वर्षं बर्फाचं पाणी त्या भोकांतून आत झिरपत होतं. जमालभाईने नळी गॅसवर तापवली, उलटी केली, धुण्याच्या सोड्याचं उकळतं पाणी ओतलं, आणि आतून जे बाहेर आलं ते बघून इंद्रजीत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काळा, चिकट गाळ. त्यात खवले. अजून चमकणारे. एक तर अख्खा काटा, कंगव्यासारखा. आणि त्याबरोबर एक उबदार वाफ, जी नाकाने नव्हे तर जिभेने कळत होती. दोन दिवस त्याला चहाही कोंबट मासळीसारखा लागला.

पण वास गेला. टाकीला काळा रंग चढला, रिम चकाकल्या, आणि गाडी पार्किंगमध्ये आली तेव्हा इराने खाली येऊन ओढणी बाजूला करून रीतसर वास घेतला.

"नाहीये."

"नक्की?"

"नाहीये म्हटलं ना. आता तू आंघोळ कर. तुला येतोय."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सोसायटी नावाची एक वस्तू असते.

सोसायटीचे चेअरमन अविनाशराव, बँकेतून निवृत्त. बुधवार, शुक्रवार, रविवार त्यांच्याकडे मासळी. सकाळी दाराबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यातून पापलेटची डोकी येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत असायची. त्या वासाबद्दल कधी कोणी चकार शब्द काढला नव्हता. ताटात येतो तो सुवास, पार्किंगमध्ये येतो तो वास. तर या अविनाशरावांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: 'काही सभासद आपल्या वाहनांमुळे सोसायटीची पातळी मच्छीमार वस्तीच्या पातळीवर आणत आहेत. आपण सुशिक्षित लोक आहोत.' खाली चौदा जणांनी अंगठे वर केले. सेक्रेटरी दीपेशने टाळ्या वाजवल्या.

सहा महिने इंद्रजीतने वासाची किळस केली होती. त्या दिवशी ऑफिसात मोबाइल हातात धरून त्याला पहिल्यांदा त्या चौदा अंगठ्यांची किळस आली. नळीतला गाळ तरी एकदा ओतला की संपला. हा कुठून ओतायचा? रागाने त्याने लांबलचक उत्तर टाइप केलं, त्यात पापलेटच्या डोक्यांचाही उल्लेख केला, ते दोनदा वाचलं, आणि पुसून टाकलं. मग लिहिलं: 'सर, काम पूर्ण झाले आहे. कृपया एकदा तपासून घ्यावे.' आणि शेवटी हात जोडले.

अविनाशरावांनी मग तपासणीसाठी तीन जणांची समिती नेमली. ते स्वतः, दीपेश, आणि महिला प्रतिनिधी म्हणून त्यांच्याच पत्नी आशालताकाकू. रविवारी सकाळी दहा वाजता पाहणी. वास आढळल्यास गाडी त्याच दिवशी आवाराबाहेर. आवाराबाहेर म्हणजे रस्त्यावर. तिथे गेल्याच महिन्यात एका स्कूटरची दोन्ही चाकं रात्रीतून गेली होती. राजदूत तिथे आठवडाभर राहिली असती तर नंतर फक्त वासच शिल्लक राहिला असता. दुसरी जागा नव्हती. जमालभाईच्या गॅरेजात दुरुस्तीच्याच गाड्या मावत नव्हत्या, काम झालेली तो ठेवून घेणार नव्हता.

आणि नेमका शनिवारी काळूरामचा फोन आला. "उद्या पनवेलला येतोय. आमची मंडळी बोलली, गाडी बगून या. येऊ ना?"

इंद्रजीतने हिशेब केला. समिती दहाला. साडेदहापर्यंत संपेल. "या ना," तो म्हणाला. "अकराला या."

समिती नाश्ता करून, पेपर वाचून, अकराला पाच कमी असताना खाली आली.

तिघांनी गाडीभोवती एक फेरी घातली. देवळात घालतात तशी, गाडी उजव्या हाताला ठेवून. मग अविनाशराव कमरेवर हात ठेवून वाकले आणि सीटजवळ नाक नेलं. दीपेश चाकाशी बसला. आशालताकाकू दोन हात लांब उभ्या राहून म्हणाल्या, "मला इथूनच येतोय."

"काकू, तो पेट्रोलचा आहे," इंद्रजीत म्हणाला.

"पेट्रोलचा असा येतो होय?"

दीपेश म्हणाला, "सर, मला काही येत नाही."

"सर्दी आहे का तुला?" अविनाशराव म्हणाले. "नीट घे. पोटापर्यंत घे."

दीपेशने पोटापर्यंत घेतला. तीन शिकलीसवरलेली माणसं एका मोटरसायकलला हुंगत होती. समोरच्या विंगमधलं कुत्रं चार पावलांवर उभं राहून हे बघत होतं, धंद्यात नवीन लोक आले म्हणून.

तेवढ्यात इंद्रजीतचा मोबाइल वाजला. वॉचमन होता. "साहेब, गेटवर कोणी काळूराम आलेत. हातात पिशवी आहे. वास मारतेय."

इंद्रजीत पाठ फिरवून, तोंडावर हात धरून पुटपुटला, "बाहेरच थांबव. मी सांगेपर्यंत आत सोडू नकोस."

मार्चचं ऊन. गेटबाहेर सावलीला झाड नाही. समितीचं हुंगणं चालूच होतं. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. अविनाशरावांनी टाकीचं झाकण उघडायला लावलं, सायलेन्सरमध्ये बोट घातलं, ते बोट हुंगलं, मग दीपेशला हुंगायला दिलं. बोट काळं झालं तेव्हा ते दीपेशच्याच रुमालाला पुसलं. इंद्रजीत हसतमुखाने उभा होता. गाल दुखेपर्यंत.

मग गेटकडून वाऱ्याची एक झुळूक आली.

"आला!" अविनाशराव ताठ झाले. "आता बोल. आला की नाही?"

"आला सर," दीपेशही म्हणाला.

आशालताकाकूंनी मात्र मान वर केली. नाकपुड्या एकदा आत गेल्या, एकदा बाहेर आल्या, आणि चेहरा असा काही उजळला की विचारू नका. "अहो, हा गाडीचा नाही," त्या म्हणाल्या. "हे सोडे आहेत. करंजाचे!" आणि त्या चालू लागल्या. मागे अविनाशराव, मागे दीपेश, आणि सगळ्यांत मागे, पाय ओढत, इंद्रजीत.

गेटबाहेर काळूराम उभा होता. पांढरा सदरा इस्त्रीचा, घामाने पाठीला चिकटलेला. हातात कापडी पिशवी.

"सोडे ना हो?" काकूंनी गजांमधूनच विचारलं.

"हो बाय. घरचंच हायेत. कोलंबी आमच्या मंडळीनं सोलून सुकवलेली."

"बघा, मी म्हटलं नव्हतं! आणि असे बाहेर का उभे तुम्ही? कोणाकडे आलात?"

काळूरामने इंद्रजीतकडे पाहिलं. मग वॉचमनकडे. "वॉचमन बोलला, सायबांनी थांबायला सांगितलंय."

"अहो, म्हणजे... समिती होती ना..." इंद्रजीत म्हणाला. वाक्य पूर्ण झालं नाही, आणि पूर्ण होण्याची कोणी वाटही बघितली नाही. कारण काकूंनी गेट उघडायला लावलं होतं आणि पिशवीत हात घातला होता.

"केवढे मोठे! पनवेलात असे बघायलाही मिळत नाहीत. इंद्रजीत, इराला कुठे जमतात रे हे करायला? वाया घालवेल बिचारी. मी करते, वाटीभर पाठवते तुमच्याकडे." पिशवी या हातातून त्या हातात गेली.

अविनाशराव पिशवीकडे बघून मोकळे हसले. "म्हणजे वास ह्याचा होता तर! दीपेश, लिही. वाहनाला वास आढळला नाही. पार्किंग कायम." मग काळूरामच्या खांद्यावर हात ठेवून, "पुढच्या वेळी जरा जास्त आणा. चेअरमनकडे म्हणून सांगा गेटवर, कोणी अडवणार नाही."

समिती वर गेली. पिशवीसकट.

पार्किंगमध्ये दोघेच उरले. काळूराम गाडीजवळ गेला. टाकीच्या काळ्या रंगात त्याचं तोंड दिसत होतं. मागचा स्टँड जिथे होता तिथे वाकून त्याने भोकं शोधली. ती जमालभाईने बुजवून घासून टाकली होती.

"झ्याक केलीत," तो म्हणाला. "वळखू येत नाय."

इंद्रजीतने घाईने किल्ली पुढे केली. "चालवून बघा ना. एक चक्कर मारा. नेरे गावापर्यंत जाऊन या, रस्ता चांगला आहे."

काळूरामने हात पुढे केला नाही. दोन्ही तळवे सदऱ्याला पुसले. "नको," तो म्हणाला. "परत वास लागंल तिला."

टोमणा होता की काळजी, हे त्याच्या तोंडावरून कळायला मार्ग नव्हता. "वर चला, चहा घ्या," असं इंद्रजीत म्हणेपर्यंत तो गेटपाशी पोचलाही होता. गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या मानाने फार लवकर.

इंद्रजीत लिफ्टने न जाता जिना चढून वर निघाला. तिसऱ्या मजल्यावर अविनाशरावांच्या दारातून फोडणीचा आवाज येत होता. कांदा, लसूण, आणि त्यात पडलेले सोडे. जिना भरून गेला होता त्या घमघमाटाने. तो दाराशी थांबला. थांबायचं नव्हतं, पण थांबला, आणि त्याच्या तोंडाला असं पाणी सुटलं की गिळावं लागलं.

ते गिळताना त्याला जी किळस आली, ती नळीतला गाळ बघतानाही आली नव्हती.

दीड वाजता वाटी आली. इरा म्हणाली, "काकूंनी पाठवलंय. छान झालंय. खा ना, असा काय बघतोस?"

"ठेव," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला. साबण लावून तीनदा धुतले.

मग येऊन जेवला. वाटी पुसून.