आधी आईचा डोळा

डोळ्यांच्या दवाखान्यात डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढणाऱ्या बाईंना सगळे फोटोताई म्हणतात. आवाज खणखणीत, हात हलका, आणि एक हट्ट: मूल तपासायला आलं की आधी त्याच्या आईचा डोळा कॅमेऱ्यासमोर.

आम्ही गेलो होतो लेकीच्या चष्म्याचा नंबर बघायला. डॉक्टरांना तिच्या डाव्या डोळ्यात, मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या तोंडाशी, रक्त दिसलं. "नस उंचावल्यासारखी वाटतेय. सूज असेल तर मेंदूचीही तपासणी करावी लागेल. आधी फोटो काढू." लेक शिंकली तरी धसका घेणारी मी; फोटोच्या खोलीत येरझारा घालू लागले, तर फोटोताईंनी आधी मलाच कॅमेऱ्यासमोर बसायला सांगितलं.

"माझा कशाला? तिचा काढा ना लवकर!"

"तुम्ही बसलात की तुमची येरझार थांबते, आणि पोरीला कळतं की यंत्र चावत नाही. टेकवा हनुवटी. अहो, दातओठ खायला नाही सांगितलं!"

लेक फिसकन हसली. "आई, इकडेतिकडे बघू नकोस. मला रोज सांगतेस ना?"

"घ्या, सासूबाई बोलल्या!"

मग लेकीचा फोटो झाला. डॉक्टर स्क्रीनपाशी आले. तिच्या डोळ्यातली नस म्हणजे केशरी चकती, आणि तिच्या कडेला लाल डाग. डॉक्टरांनी बाजूच्या फोटोवर बोट ठेवलं.

"हा शेजारचा कोणाचा?"

"आईचा. माझी खोड माहीत आहे ना तुम्हाला?"

त्यांनी दोन्ही फोटो मोठे केले, पडद्याचे थर दाखवणारी तपासणीही करून घेतली आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "सूज नाही. नस जन्मतःच तिरकी आहे, एका कडेला उंच. तुमचीही तशीच. तिथली बारीक रक्तवाहिनी ताणली जाऊन फुटली असावी. रक्त आपोआप जिरेल. महिन्याने दाखवा."

"म्हणजे माझ्यावर गेलीय?" मी रडत होते की हसत, कोण जाणे.

"नाक बाबांचं, नस आईची," फोटोताई म्हणाल्या.

महिन्याने लेक आपणहून कॅमेऱ्यासमोर बसली. फोटो आला. चकती तीच, तिरकी. डागाचा मागमूस नाही. डॉक्टरांनी नुसती मान डोलावली.

"आता तुमचा," फोटोताई म्हणाल्या. "सवय मोडायची नाही."

मी हनुवटी टेकवली. पण हसू काही केल्या आवरेना, आणि फोटो हलला.

"आई!" लेक ओरडली. "नीट बस ना!"