मी कीबोर्डाचा दसरा काढला

एक होतं नेकनूर. नेकनुरात होती एक म्हातारी, तिला एक ल्योक, ल्योकाला बायको सुनंदा आन दोघांत मिळून एकच पोरगं प्रशांत, सगळ्यांचा पर्शा. ल्योक रानात, सून चुलीपाशी, पोरगं पुन्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. आन म्हातारी? ती म्हंजी मीच. आता काय सांगू तुमाला, या म्हातारीनं काय घोटाळा करून ठिवला ते.

कोरोनात पर्शा घरी होता. वरच्या खोलीत बसून दिसभर काम करायचा. त्याला कीबोर्डांचा लई नाद. लोकं कोंबडे पाळतात, ह्यानं कीबोर्ड पाळले. बटनाचा आवाज कसा खनखनीत पायजे, म्हनायचा. माउस हातात धरनारा मानूस आळशी. पांढऱ्या पडद्यावर काम करनारा आंधळा होनार. आन काय पायजे ते सांगितलं, की आपोआप कोड लिहून देनारं एक यंत्र निघालंय, ते म्हंजी सालगडी. काम लई करतं, पन मालक बांधावर नसला की भलत्याच वावरात पेरून मोकळं होतं.

कॉफीचं तर इचारू नका. बिया सोनारासारख्या काट्यावर तोलायच्या, हातानं दळायच्या आन काळी कडू कॉफी डोळे मिटून प्यायची. घरी म्हैस दुभती असताना!

मला त्यातलं काय कळायचं? वरून टकटक ऐकू आली, की पोरगं घरात हाय, एवढं कळायचं. बास होतं.

मग कंपनीनं बोलावलं आन पर्शा गेला. एक कीबोर्ड उशीच्या खोळीत घालून ठिवून गेला, आलो की लागंल म्हनून. घर मुकं झालं. पाल चुकचुकली तरी मी वर बघायची. दुपारी सून आडवी झाली, की तो कीबोर्ड मांडीवर घ्यायची आन दोन-चार बटनं दाबायची. तेवढाच आवाज.

औंदा घट बसायच्या आधी पर्शाचा फोन आला. दुसऱ्या कंपनीची मुलाखत हाय, घरूनच देतो म्हनला. ही नोकरी लागली तर काम कायमचं घरून. न्हाई लागली तर पुनं हायेच. त्या दिसापास्नं माझा जीव थाऱ्यावर न्हवता.

आमच्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात, तुमाला ठावं हाय. वाकळा, भांडी, डबे, सगळं घर बाहेर. ज्या वस्तूला पानी लागलं न्हाई ती वस्तू नवरात्रात घरात राहत न्हाई. मी वरच्या खोलीत गेले आन खोळ दिसली. म्हनलं, पोरगं एवढ्या मोठ्या कामाला येनार, आन ह्याच्या हत्याराला पारुसं ठिवायचं?

चमच्याच्या दांडीनं एकेक बटन उचकलं. शेंगा सोलल्यागत निघाली. बटनं घमेल्यात साबनाच्या पान्यात भिजू घातली, बटनांखालची पाटी ब्रशनं घासली, आन सगळं गच्चीवर वाकळांशेजारी वाळाय टाकलं. बटनं चाळनीत. काय चकाकली म्हनता.

मग बसवायची पाळी आली. मला अक्षर येत न्हाई. सुनंदाला हाक मारली. ती शाळेत गेलेली. तिनं बटनं बघितली आन म्हनली, "आत्याबाई, सोपं हाय. ए, बी, सी, डी असंच लावायचं असंल की." आमी दोघींनी वळीनं लावली. उरलेली खुनांची बटनं, जिथं जागा घावली तिथं. मला तवाच आठवलं, आधी ती अशी न्हवती. पन मी म्हनलं, करनाऱ्यालाच ए बी सी डी येत नसंल.

पर्शा सकाळच्या गाडीनं आला, अंघोळ केली आन वर जाऊन बसला. मी दाराशी तांदूळ निवडत. त्याची नजर पडद्यावर, बोटं आपली आपन पळत होती. मधीच पुटपुटला, "बटनं जरा येगळी लागत्यात. धूळ बसली असंल." धूळ! माझ्या तोंडाशी आलं होतं, पन गिळलं.

मुलाखतीतली कोड लिहायची परीक्षा झाली. पडद्यावरची मॅडम मराठी होती, हसून बोलाय लागली. मोकळ्या येळात काय करतोस म्हनली. पर्शा खुलला. माउस, पांढरा पडदा, सालगडी, कॉफी, सगळं सांगितलं. मॅडमलाबी कीबोर्डांचाच नाद निघाला. "बघू तुझा," म्हनली. पर्शानं ऐटीत उचलून धरला.

मॅडम पडद्याजवळ वाकली.

"प्रशांत, हे काय? ए बी सी डी?"

पर्शानं कीबोर्ड आपल्याकडं वळवून बघितला, आन त्याचं तोंड असं झालं, की मी तांदळाचं ताट घेऊनच आत घुसले.

"बाई, पोराची चूक न्हाई. म्या दसरा काढला."

"म्हणजे धुतला?"

"धुतला, वाळवला, सुनेनं नीट लावला. पयली लावनी लई चुकलेली होती."

मॅडम तोंडावर हात धरून हसाय लागली. मला वाटलं, आता जमलं. मीबी सोडलं न्हाई. म्हनलं, पोराला घरी राहू द्या, बाई. घरचं दूध हाय, खोली हाय, वारं हाय. लाईट तेवढी दुपारची जाती.

पर्शानं कपाळाला हात लावला. लाईट कवाच जात न्हाई, असं तो आधीच सांगून बसलेला, हे मला कोन सांगनार?

"रोज जाते?" मॅडमनं इचारलं.

सावरायला म्हनून मी म्हनलं, "रोज कशाला बाई? पाऊस आला की दोन-दोन दिस येतच न्हाई."

संपलं. माझ्याच जिभेनं पोरगं परत पुन्याला धाडलं.

पर्शानं खाली मान घालून कबूल केलं. लाईट जाती, इन्व्हर्टर घेनार हाय, म्हनला. मॅडमनं परत कीबोर्डाकडं बोट दाखवलं. मग म्हनली, "आत्ताची परीक्षा याच कीबोर्डवर दिलीस?"

"हो."

"वरची अक्षरं बदलली तरी खालची कळ तीच राहते. म्हणजे एकदाही बटणांकडे न बघता लिहिलंस?"

"बघितलं असतं तर दिसलं नसतं का, मॅडम?"

"मग लाईट गेली तर काय बिघडतंय? तू अंधारातही लिहिशील," ती म्हनली. "पण इन्व्हर्टर आधी घे."

घट उठायच्या आत निरोप आला. नोकरी लागली. ल्योकानं गल्लीभर पेढे वाटले.

आता पर्शा घरीच असतो. दार लावून, कानात बोंडं घालून बसतो. हाका मारून माझा घसा बसतो. मग सुनेला म्हनते, लाव बाई फोन. खालच्या घरातून वरच्या खोलीत! सून हसती. म्हनती, आत्याबाई, पुन्यात होता तवाबी फोन, घरात हाय तवाबी फोन, काय फरक पडला?

फरक कसा न्हाई? पुन्याहून "आलोच आजी" म्हनायचा, तर दिवाळी उजाडायची. आता म्हनतो, आन लगीच जिना वाजतो.

खाली येऊन इचारतो, "काय गं आजी, काय काम होतं?"

आन मी बसते आठवत, कशापायी बोलावलं होतं याला.