आईची गोधडी आणि पिसवा

आई जाऊन दोन महिने झाले होते आणि तिची कुत्री पिसवांनी नुसती बुजबुजली होती. मी तेव्हा अकरा वर्षांची. घर सांभाळायला आत्या आलेली. तिच्या पायांवर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल गांधी उठल्या, तशी ती बाबांवर कडाडली, "येत्या बाजारापर्यंत पिसवा नाही गेल्या, तं हे कुत्री गाडीत घालून रिसोडले सोडून येजो. मी इथं रक्त पाजाले नाही आली!"

बाबा आत्याच्या शब्दाबाहेर नव्हते. म्हणजे माझ्या हातात एक आठवडा.

कारंज्याच्या एका दुकानात विलायती भुकटी मिळते म्हणे. बाबा म्हणाले, "तेवढ्यात बैलाची सरकी येते." संपला विषय. मग घरचेच उपाय. कडुलिंबाचा पाला उकळून कुत्रीला न्हाऊ घातलं. एक दिवस बरं, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाजवणं सुरू. बाबांच्या चंचीतली तंबाखू भिजवून लावली, ती मेलीनं चाटली आणि दिवसभर ओकली. सीताफळाच्या बिया कुटून चोळल्या, तर भुगा माझ्याच डोळ्यात गेला. आत्या म्हणे घासलेट लाव. ते मात्र मी लावलं नाही, कातडी भाजली असती बिचारीची. त्यातल्या त्यात करंजाचं तेल चांगलं निघालं. अंगावरच्या पिसवा मरायच्या, पण सकाळी पाहावं तर नव्या हजर! हात टेकले मी.

आमच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवायला एक धनगर आला होता. त्याच्या कुत्र्यांच्या अंगावर औषधालाही पिसू नव्हती. माझा खटाटोप पाहून तो हसला. "कुत्र्याले किती धुतं पोरी? ते निजते कुठी ते पाह्य. पिसवाचं घर तिथं रायते. अंथरूण उकळ, जागा खरडून राख टाक. पैसा नाही लागत."

कुत्री कुठं निजते ते मला पक्कं ठाऊक होतं.

तेरवीला आईचं सगळं नेसणं-पांघरणं देऊन टाकलं, तशी रीतच. तिची गोधडी मात्र मी आदल्या दिवशी गोठ्यात कडब्यामागं दडवली होती. कुणी विचारलं तर सरळ खोटं बोलले, दिली म्हणून. रोज दुपारी जाऊन त्या गोधडीत तोंड खुपसायची. चुलीचा धूर, तिळाचं तेल आणि आई. कुत्री माझ्यामागं यायची, मग ती तिथंच निजायला लागली. खोटं कशाला सांगू, मला पहिल्या दिवसापासून गोधडीचीच शंका होती. म्हणून तर बाकीचे एवढे उपाय केले!

बाजाराला दोन दिवस उरले. आत्या शेतात गेलेली पाहून मी मोठ्या भांड्यात पाणी उकळलं, राख घातली आणि गोधडी आत बुडवली. काठीनं दाबत होते आणि मोठमोठ्यानं रडत होते. पाणी काळंकुट्ट झालं. मग जागा खरडली, राख पसरली, कुत्रीला पुन्हा तेल चोळलं.

बाजाराच्या दिवशी आत्यानं कुत्रीचे केस बोटांनी पिंजून पाहिले. एक पिसू सापडली नाही. गाडी कुत्रीवाचून रिसोडला गेली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आणि तरी दुपार झाली की पाय गोठ्याकडे वळायचे. आज मी म्हातारी झाले, कुणाची गोधडी वाळत दिसली की अजून नाक लावावंसं वाटतं.

जाड गोधडी ती, बाजाराच्या संध्याकाळपर्यंतही वाळली नव्हती. गोठ्यामागच्या कुंपणावर ती आत्याला दिसलीच. आईचे टाके तिनं लगेच ओळखले. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. आत्यानं गोधडीचा कोपरा उचलला, नाकाशी धरला. कितीतरी वेळ धरला.

"वास गेला न वं सारा," ती म्हणाली. "मले काहून नाही सांगतलं? मलेही एक डाव हुंगाची होती."