डाव्या बाजूची साखळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर वीस वर्षं चहा प्यालो त्या माणसांनाही नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. मलाही धड माहीत नाही.

मी मिस्त्री, यंत्रं दुरुस्त करणारा. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलं होतं त्या वर्षांत मी मानवतकडे कालव्याच्या कामावर होतो, एका ठेकेदाराकडे. आमच्याकडे माती उचलायचं एक यंत्र होतं — परदेशी, तेव्हाच जुनंपानं, कुठल्याशा धरणाचं काम संपल्यावर लिलावात आलेलं. बुटकं, पुढे बकेट, आणि चाकं सहा. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. स्टिअरिंग नाहीच. दोन दांडे — डावा डाव्या चाकांचा, उजवा उजव्यांचा. एक पुढे ढकलला, एक मागे ओढला की यंत्र जागच्या जागी गर्रकन फिरायचं. माणसं त्याला खेकडा म्हणायची. तसं दुसरं यंत्र मी जिल्ह्यात पाहिलं नाही. नंतरही नाही.

ते चालवायचा किसन. झरीकडचा, बौद्ध, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तरी तो मला 'तुमी' म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायचो. तेव्हा ते मला खटकलं नाही. खटकायचं ते वेगळंच — त्या दांड्यांवर त्याचा हात बसला होता आणि माझा बसत नव्हता. मी पाटलाच्या घरचा, मिसरूड फुटायच्या आधीपासून ट्रॅक्टर चालवलेला. आणि माती वाहणाऱ्या बायका टोपल्या खाली ठेवून बघत उभ्या राहायच्या, त्या कुणाकडे? किसनकडे. जळायचो मी. सरळ सांगतो.

एके दिवशी तो अर्धी रजा घेऊन परभणीला गेला. बायकोचे डोळे दाखवायला — जाताना मला सांगून गेला. तो दिसेनासा होताच मी यंत्रावर चढलो. आता बघा, ओल्या काळ्या मातीत किसन खेकड्याला कधीच जागच्या जागी फिरवत नसे. पुढे-मागे करत थोडं थोडं वळवायचा. मला वाटायचं, घाबरतो. मी गर्रकन फिरवायला गेलो. चाकं रुतली, आणि डाव्या बाजूची साखळी — तिन्ही चाकं फिरवणारी — तुटली. नाचता येईना अंगण वाकडं, मी मातीलाच शिव्या घातल्या.

तसली कडी कुठं मिळणार? मळणी यंत्राच्या साखळीची एक कडी माझ्याकडे पडून होती, अंगानं जरा बारीक. ती बसवली, वरून ग्रीस फासलं. ती टिकणार नाही हे मला ठाऊक होतं. 'वाटलं नव्हतं' म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी किसननं यंत्र थोडं पुढं घेतलं आणि लगेच थांबवलं.

"मिस्त्री, डावीकडून आवाज यायलाय. तुमी बघता का जरा?"

"रोजचाच हाय. चालव."

त्याचा माझ्यावर विश्वास होता. चालवलं त्यानं. दुपारच्या आत, भरलेली बकेट घेऊन कालव्याच्या काठावर असताना कडी गेली. डावी चाकं थांबली, उजवी चालत राहिली, आणि यंत्र वळून त्याला घेऊन कोरड्या कालव्यात पडलं. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला. माणसं त्याला ओढून काढायला धावली. मीही धावलो — पण साखळीकडे. तुटलेली कडी काढून खिशात घातली.

ठेकेदारानं सगळ्यांदेखत मला विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, "काल मोर्चाला गेलता. डोकं कुठं होतं त्याचं कामावर?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणता येईल का? नाही. त्या दिवसांत आमच्या लोकांसमोर 'मोर्चा' हा शब्द टाकला की पुढं काही विचारलं जात नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तो टाकला. आणि कुणीच विचारलं नाही — कुठला मोर्चा, कुणी पाहिलं?

किसनचं काम गेलं. यंत्र बाहेर निघालं, परभणीहून साखळी करून आणली. ठेकेदार म्हणाला, आता तूच बस. बसलो. हळूहळू यायलाही लागलं.

पाचेक महिन्यांनी किसन काठी टेकत कामावर आला. पहारेकरी म्हणून तरी ठेवतील का, विचारायला. आधी माझ्याकडे आला.

"मिस्त्री, कुणीतरी सांगितलं म्हणं, मी मोर्चाला गेलतो. गेलो असतो तर छाती ठोकून सांगितलं असतं, त्यात लपवायचं काय? पर त्या दिवशी मी कुठं गेलतो ते तुमालाच माहीत हाय. तुमी एक शब्द टाका."

मी म्हणालो, "बघतो."

तो लिंबाखाली बसून राहिला. मी खेकडा चालवत राहिलो. ठेकेदार दोनदा माझ्यासमोरून गेला. दोन्ही वेळा मी यंत्र थांबवलं नाही. दिवस मावळायला आला तसा किसन उठला, लांबूनच मला हात केला — येतो म्हणून — आणि काठी टेकत रस्त्याला लागला.